घोडा तक आया है

अमरावतीच्या मॉलमधल्या थिएटरातला दुपारचा खेळ सुटला, की लोक मोबाइल चालू करत, पॉपकॉर्नचे रिकामे डबे टोपलीत टाकत बाहेर पडतात. आमच्या वकीलबाई त्या दाराशी उभ्या राहायच्या. पांढरी साडी, आणि कोर्टातून थेट आलेल्या असल्या तर अंगात काळा कोटही. एखादं हसत बाहेर येणारं जोडपं दिसलं की त्या आडव्या जायच्या.

"एक मिनिट. तुमी आत्ता आत हसले ना?"

पोरगा गोंधळायचा. "हो मॅडम. कॉमेडी होती ना."

"ते पोस्टरवर लिहिलंच आहे. कुठं हसले ते सांगा."

"तो जाडा माणूस पाण्यात पडतो ना, तेव्हा."

"जाडा होता म्हणून हसले, का पडला म्हणून?"

"दोन्ही."

"बारीक माणूस पडला असता तं?"

"थोडं कमी हसलो असतो."

"अन् तुमी पडले असते तं?"

यावर सोबतची मुलगी खुदकन हसायची. वकीलबाई लगेच तिच्याकडे बोट करायच्या. "पाहा, हे आता हसली. आत एकदाबी नव्हती हसली. मी पाहून राहिली होती."

मी त्यांची भाडेकरू. अशा वेळी मी आइस्क्रीमच्या काउंटरपाशी जाऊन, ह्या बाई कोण ते आपल्याला ठाऊकच नाही अशा चेहऱ्यानं उभी राहायची. पण त्या तिथूनच हाक मारायच्या, "पोरी, झाली उलटतपासणी, चाल!" आणि सगळा मजला माझ्याकडे बघायचा.

नवा विनोदी सिनेमा लागला आणि वकीलबाईंनी पाहिला नाही, असं कधी झालं नाही. त्यातला एकही त्यांना आवडला, असंही झालं नाही. मग जाता कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "विरुद्ध पार्टीचे कागद वाचल्याबिगर केस लढता येते काय?"

त्यांची केस साधी होती. आजकालच्या विनोदाला हसू येत नाही, फक्त कोणाला तरी हसायचं असतं. "पहिले सिनेमातला माणूस पडे तं त्याच्या संगं आपणबी पडू. आता तो पडते अन् आपण वरतून पाह्यतो." पार्श्वसंगीतातला तो 'टुँय' आवाज तर त्यांच्या डोक्यात जायचा. "हसाचं कधी, हेबी तेच सांगणार! लग्नात माइकवरून ओरडतात ना, आता अक्षता टाका म्हणून? तसं." आणि पडद्यावर एखादा वऱ्हाडी बोलणारा नोकर आला, की त्या खुर्चीतल्या खुर्चीत ताठ व्हायच्या. "मले-तुले म्हणणारा गडी ठेवला का झाला यांचा विनोद. मी मले-तुले करतच केसा जिंकल्या. तवा कोणाले हसू नाही आलं."

मी मूळची अकोल्याची. सरकारी नोकरी लागून अमरावतीला आले आणि खोली शोधत फिरत होते. घरमालक जे जे विचारतात ते सगळं विचारून झालं होतं: आडनाव काय, म्हणजे नेमके कोणते, घरी मटण शिजतं का, संध्याकाळी किती वाजता परत येणार. वकीलबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. दारात उभं करून त्यांनी एकच विचारलं.

"तुले हसू कायचं येते?"

मी म्हटलं, "असं ठरवून नाही सांगता येत."

"बस मंग," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी टीव्ही लावला.

तेवढ्यात आतून एक उंच, किरकोळ गृहस्थ चहाचा ट्रे घेऊन आले. हे त्यांचे यजमान. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत. ते इतकं हळू बोलत की समोरच्याला वाटे आपल्याच कानात काही बिघाड झाला आहे. माझ्यासमोर कप ठेवून ते कुजबुजले, "तुमचं काही काम असेल तर सांगा, ही सिनेमा संपल्याशिवाय उठू देणार नाही."

त्या सिनेमाचं नाव 'गलत बारात'. तुम्ही ऐकलेलं नसणार. कोणीच ऐकलेलं नाही. फार वर्षांपूर्वीचा हिंदी सिनेमा, त्यात नावाजलेलं कोणीही नाही. गोष्ट एवढीच: एक वरात वाजतगाजत चुकीच्या घरी जाते. त्या घरी एका म्हाताऱ्याची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण असतं. घरवाल्यांना वाटतं, म्हातारा भरल्या घरातून गेला म्हणून दूरचे नातेवाईक बँड घेऊन आलेत. वरातवाल्यांना वाटतं, मुलीकडचे लोक जरा गंभीर स्वभावाचे आहेत. आणि दोन्हीकडची माणसं इतकी सभ्य, की विचारायला कोणी धजत नाही. नवरदेव घोड्यावर बसूनच राहतो. पंगत बसते. व्याही समजून दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडतात, त्यातला एक रडतो आणि दुसरा त्याला म्हणतो, "इतना मत रोइए, लड़की आती-जाती रहेगी."

इथं मी हसले आणि चहा माझ्या ओढणीवर सांडला. वकीलबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. खोली मिळाली.

दर महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये हा सिनेमा लागायचा. दातांचे एक डॉक्टर यायचे, मोर्शीहून संत्र्यांची पिशवी घेऊन एक जोडपं यायचं, कोर्टातले दोघं-तिघं यायचे. सगळ्यांना संवाद पाठ. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी हॉलमध्ये वाक्य होऊन जायचं. घोडा पहिल्यांदा फुरफुरला की सगळ्यांनी मिळून फुरफुरायचं, असा रिवाज होता. शेजाऱ्यांना याची सवय झाली होती. पहिल्या महिन्यात मला हे वेड्यांचं घर वाटलं. तिसऱ्या महिन्यात मी फुरफुरायला लागले.

"इतका चांगला आहे, मग चालला का नाही?" मी एकदा विचारलं.

"चालला असता तं सगळ्याईचा झाला असता," वकीलबाई म्हणाल्या. "पडला म्हणून आपला झाला. चाललेल्या सिनेमाले काय, कोणीबी टाळ्या देते. पडलेल्याले घरी आणा लागते, जेवू घाला लागते."

लग्न झाल्यावर नवं जोडपं म्हणून ते दोघं अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये हा सिनेमा पाहायला गेले होते. टॉकीज जवळजवळ रिकामं होतं. त्या रात्रीच नाही, पुढचे कित्येक दिवस सर घरात त्यातले प्रसंग करून दाखवत. पुढं कधीतरी एका व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं दुकान बंद करताना वकीलबाईंना त्याची कॅसेट दिली. नंतर तिचीच डीव्हीडी करून घेतली. तीच आम्ही पाहायचो. चित्रावर रेघा पडायच्या, आवाज मध्येच खोल विहिरीतून यायचा. आणि शेवटाकडे एक मोठा तुकडा नव्हताच.

तो तुकडा नेमका मोक्याचा. वरात चुकल्याचं उघडकीला येतं. दोन्हीकडचे लोक एकमेकांवर धावून जातात. तेव्हा गेलेल्या म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ, सगळे ज्याला चाचा म्हणतात, तो पहिल्यांदाच खाटेवरून उठतो. आणि पडदा निळा होतो. कॅसेट मशीनमध्ये अडकून तेवढी खराब झाली, असं वकीलबाई सांगत. निळ्यानंतर एकदम शेवट येई: बँड वाजतोय, तेरवीचे लोक वरातीत नाचतायत, आणि घोडा योग्य घराकडं निघालाय.

पडदा निळा झाला की सर उठत. खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळत. आणि ज्या माणसाचा आवाज तीन फुटांवर ऐकू येत नसे, त्याचा आवाज गेटपर्यंत जाई.

"लड़ो मत, भाइयो। गलत घर में आ गए, तो क्या हुआ? मैं पैदा हुआ तब से इस घर में हूँ, मुझे आज तक पक्का नहीं, सही घर है कि नहीं। हमारे भैया ज़िंदगी भर दरवाज़े पर बैठे रहे। कहते थे, अपने यहाँ कोई आता नहीं। आज देखो।" इथं सर थांबत. हॉलच्या दाराकडं बघत. तिथं खरंच कोणी उभं आहे, असं आम्हाला वाटायचं. "आज देखो भैया, कौन कौन आया है। घोडा तक आया है।"

आम्ही हसायचो, आणि हसता हसता काहींचे डोळे पुसायचे राहून जायचे. सर पंचा सोडून खांद्यावर टाकायचे आणि पुन्हा हळू आवाजात विचारायचे, "चहा कोणाकोणाला?"

हे वाक्य आमच्यात चलनी नाण्यासारखं झालं होतं. ऑफिसात साहेबांनी अचानक भेट दिली, की मी मनात म्हणायची, घोडा तक आया है. डॉक्टर दवाखान्यात गर्दी झाली की म्हणायचे.

सर थंडीत गेले. सकाळी फिरायला निघाले, फाटकाची कडी लावायला वाकले, आणि तिथंच बसले. अकोल्याहून त्यांचे धाकटे भाऊ आणि भावजय आली. भाऊ पौरोहित्य करणारे, पंचक्रोशीत मान असलेले. त्यांनी सगळं हातात घेतलं आणि वकीलबाईंनी घेऊ दिलं. आठ दिवस त्या घरात इतक्या मुक्या होत्या, की मला भीती वाटायला लागली होती. मग एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि तेरवीची छापलेली पत्रिका हातात दिली. वाटायला. मी वाचली. जेवणाची वेळ दुपारी बारा. त्याखाली: सिनेमा, दुपारी दोन.

दिरांनी पत्रिका वाचली तेव्हा मी तिथंच होते.

"वहिनी, हे काय आहे?"

"सिनेमा."

"तेरवीला? घरचा माणूस गेलाय आणि तुम्ही लोकांना हसायला बोलावता? लोक काय म्हणतील?"

"भाऊजी, सुतक तेराव्याले फिटते का नाही?"

"फिटतं."

"फिटल्यावर किती दिवस हसू नये, हे कुठं लिहिलं असंन तं दाखवा. मी थांबवीन."

दीर पोथ्यांतले जाणकार. ते काही क्षण खरंच आठवत राहिले. मग म्हणाले, "सगळं लिहिलेलं नसतं, वहिनी. काही रीत असते."

"रीत," वकीलबाई म्हणाल्या. "माह्या लग्नात याईनं, तुमच्या दादानं, माह्या वकिलीचं नाव काढलं, तवाबी तुमच्या घरचे रीत म्हणे. याईनं काय केलं? मले रोज सकाळी सायकलवर लॉ कॉलेजात सोडलं. लोकाईनं रस्त्यानं पाह्यलं, ते पाह्यतच राह्यले. आज बारा वाजता जेवा, दोनले उठून जा. मी वाईट नाही वाटून घेणार."

बरेच लोक उठून गेले. पान खात, मान हलवत, एकमेकांच्या कानाला लागत गेले. एक बाई जाताना माझ्याजवळ म्हणाली, "धक्का बसला बिचारीला, डोक्यावर परिणाम झाला." हे वकीलबाईंनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "परिणाम झाला तं सिनेमा संपल्यावर पाहू. पोरी, आता टीव्ही मोठा कर, आवाज ऐकू येत नाही."

सरांचा हार घातलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्या बाजूला टीव्ही. पडद्यावर तेरवीची पंगत बसली तेव्हा आमच्या अंगणात आचारी पातेली घासत होता आणि त्याचाही आवाज सिनेमातच मिसळला. सुरुवातीला कोणी हसलं नाही. घोडा फुरफुरला तेव्हा डॉक्टर एकटेच फुरफुरले आणि ओशाळले. व्याही गळ्यात पडले, "लड़की आती-जाती रहेगी" झालं, तेव्हा मागून एक बारीकसा आवाज आला. मी वळून पाहिलं. दिरांची बायको होती. पदराचा बोळा तोंडात धरून गदगद हलत होती. तिला पाहून मोर्शीच्या बाई हसल्या, आणि मग थांबलंच नाही.

मग चाचा खाटेवरून उठला, आणि पडदा निळा झाला.

आता उठायला सर नाहीत, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या तयारीत याचा विचार कोणी केलाच नव्हता. सगळे खाली बघायला लागले. निळा उजेड सरांच्या फोटोच्या काचेवर पडला होता.

वकीलबाई उठल्या. पंचा वगैरे काही घेतला नाही. कोर्टात उभ्या राहतात तशा, एक हात टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या.

"लड़ो मत, भाइयो," त्या म्हणाल्या. हिंदी त्यांची सरांपेक्षा वाईट. "गलत घर में आये तो क्या हुआ..." मधलं काही विसरल्या. डॉक्टरांनी हळूच शब्द पुरवला. वकीलबाईंनी हातानं त्यांना गप्प केलं, स्वतःच आठवलं. "कहते थे, अपने यहाँ कोई आता नहीं। आज देखो।" त्या दाराकडं न बघता फोटोकडं बघत होत्या. "घोडा तक आया है।"

"भी," मागून आवाज आला.

दीर दारात उभे होते. ते दोन वाजताच उठून बाहेर गेले होते, परत कधी आले ते कोणाला कळलं नाही.

"काय म्हणता, भाऊजी?"

"तक नाही. दादा 'घोडा भी आया है' म्हणायचा. लहानपणी... म्हणजे माझ्या मुंजीत त्यानं करून दाखवलं... नाही, मुंज आधी झाली. पण भी म्हणायचा."

"तक म्हणे."

"भी, वहिनी. माझा सख्खा भाऊ होता."

"अन् माहा कोण होता?"

आता सगळेच बोलायला लागले. मोर्शीवाल्यांचं मत 'भी'कडं झुकलं, डॉक्टर 'तक'वर ठाम. वाद इतका पेटला की सिनेमा पुढं जाऊन संपला तरी कळलं नाही. दीर संध्याकाळच्या गाडीनं जायचे होते, ते राहिले.

त्यानंतर माझी बदली धारणीला झाली. डोंगरातली नोकरी, फोन लागला तर लागला. एके दिवशी लागला आणि पलीकडून डॉक्टर म्हणाले, "पाहिलंस का? कोणीतरी 'गलत बारात' इंटरनेटवर टाकलाय. स्वच्छ प्रिंट. पूर्ण." त्यांचा आवाज आनंदी नव्हता. "चाचाचं ते भाषण आहे ना, ते त्यात नाहीच. सर फेकत होते गं."

मी पाहिला. चाचा खाटेवरून उठतो. तोंड उघडतो. त्याचा पाय गुलाबजामवर पडतो, तो घसरून लठ्ठ आचाऱ्यावर आदळतो, आचारी कढीच्या कढईत बसतो, आणि मग एकामागून एक सगळी वरात पडते. प्रत्येक माणूस पडताना 'टुँय' असा आवाज होतो.

पुढच्या रविवारी मी सकाळची एसटी धरून अमरावतीला उतरले. हॉलमध्ये सगळे आधीच बसले होते. डॉक्टरांनी लॅपटॉप आणला होता. वकीलबाईंना आता चालायला काठी लागत होती, कोर्ट त्यांनी सोडलं होतं.

"लावा," त्या म्हणाल्या. "सगळ्याईच्या समोर लावा."

डॉक्टरांनी फक्त तोच भाग लावला. माणसं पडली, कढी उडाली. कोणी हसलं नाही.

"झालं? आता माही साक्ष घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "कॅसेट मशीनमध्ये अडकली नव्हती. तो भाग मी पुसला."

"तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कॅसेट घरी आणली तवा हे शाळेत होते. म्हटलं, आपण पहिले पाहून घेऊ. टॉकीजमध्ये मी नवी नवरी, अर्धं ध्यान पदराकडं, मले काय आठवत होतं? याईनं सांगितलं तेच मले आठवे. अन् पाह्यते तं काय, हा म्हातारा गुलाबजामवरून घसरला. एवढी वर्षं हे त्या म्हाताऱ्याचं भाषण करून राहिले, शाळेतल्या पोट्ट्याईले शिकवून राहिले, अन् त्यानं एक शब्दबी नाही काढला. म्हटलं, आता हे पाच वाजता घरी येतीन, हात धुतीन, मोठ्या हौसेनं समोर बसतीन. अन् हे पाह्यतीन. मी मशीनचं लाल बटन दाबलं अन् तो सगळा भाग कोरा करून टाकला."

"पण बाई," डॉक्टर म्हणाले, "शेवटी मूळ ते मूळ असतं. लोकांना कळायला पाहिजे."

"कोणाचं मूळ? त्या डायरेक्टरले शेवट सुचला नाही. सुचलं नाही का माणसं पाडतात. तवाबी पाडत होते, आजबी पाडून राहिले. म्हणून तं पडला हा सिनेमा, लोकं काही उगीच नव्हते उठून गेले. माह्या नवऱ्यानं तो दुरुस्त केला. पुरावा नष्ट करणं गुन्हा आहे, कलम मले पाठ आहे. पण पस्तावा विचारसान तं नाही. ते मशीन आज हातात द्या, आज पुन्हा पुसीन."

मग मीच विचारलं, कारण धारणीपासून तोच प्रश्न डोक्यात घेऊन आले होते. "बाई, सरांना माहीत होतं का? की ते भाषण त्यांचंच आहे? की त्यांना खरंच वाटायचं आपण ते टॉकीजमध्ये पाहिलं?"

वकीलबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"आमच्या धंद्यात एक नियम आहे, पोरी. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याले माहीत नाही, तो साक्षीदाराले विचाराचा नाही." त्या पुढं म्हणाल्या, "एवढा संसार झाला, मी नाही विचारला."

मग त्यांनी कपाटातली जुनी डीव्हीडी काढली, रेघा पडणारी, निळ्या तुकड्याची, आणि काठी जमिनीवर आपटली.

"मी आता हे लावून राहिली. ज्याले ते दुसरं पाह्याचं असंन त्यानं घरी जाऊन पाहावं, मी अडवत नाही. ज्याले इथं बसाचं त्यानं बसावं."

डॉक्टर उठले. लॅपटॉप मिटून त्यांनी पिशवीत घातला, चपला असलेल्या दारापर्यंत गेले. आम्हाला वाटलं, गेले. त्यांनी दार आतून लावलं, खिडकीचे पडदे ओढले, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसले.